मरून मोज्यांवरची फक्की

मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

दुरुस्ती. परवाच्या, म्हणजे रविवार ८ तारखेच्या नोंदीत मी लिहिलं आहे : ‘चेंडू रेषेच्या आत गेला की नाही ते मला दिसलं नाही. सगळं फार पटकन झालं.’ यातलं पहिलं वाक्य खोटं आहे. मला दिसलं. चेंडू पूर्ण आत होता.

ती नोंद खोडत नाही. आमच्या घरी वहीतलं चुकलेलं खोडायची पद्धत नाही. बाबा रामकुंडावर क्षेत्रोपाध्ये आहेत. यात्रेकरूंच्या घराण्यांची सात-सात पिढ्यांची नावं आमच्या वह्यांत आहेत आणि मी अक्षरं गिरवली ती त्यांवरूनच, शाळेत जायच्या आधी दोन वर्षं. कुणाचं नाव चुकीच्या बापाखाली पडलं तर ते तसंच राहू द्यायचं, खाली तारीख घालून बरोबर नाव लिहायचं. हे बाबांनी मला जोडाक्षरांच्या आधी शिकवलं.

म्हणून पुन्हा लिहिते.

लीगचा शेवटचा सामना. आम्ही देवळालीचा कॅम्प क्लब, समोर पंचवटीचा कपिला क्लब. एक-एक बरोबरी. बरोबरी झाली तरी आम्ही राज्य स्पर्धेला जाणार होतो, कपिलाला मात्र जिंकायलाच हवं होतं. सहा मिनिटं राहिली असताना कपिलाची वेदिकाताई उजवीकडून आत आली आणि तिने खाली, लांबच्या खांबाकडे मारला. मी मागच्या मागे झेप घेतली, चेंडू दोन्ही हातांत आला, छातीशी धरला आणि कुशीवर पडले. पडल्यावर मी पायांकडे पाहिलं. गोलरेषा माझ्या नडग्यांखाली होती. म्हणजे पाय मैदानात आणि गुडघ्यांपासून वर मी सगळी गोलच्या आत, चेंडूसकट.

रेफ्री धुळ्याचे होते, लांब उभे होते. त्या बाजूचा लाइन्समन थ्रोच्या जागेवरून परत येत होता. मी उठले, दोन पावलं पुढे आले. रेफ्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग वेदिकाताईकडे. ती पाठ फिरवून आपल्या अर्ध्याकडे चालायला लागली होती. त्यांनी हाताने खेळा असं केलं. मी चेंडू लांब मारला.

खेळ थांबला तेव्हा रुखसार धावत आली. ती आमची डिफेंडर. माझ्यापुढे उकिडवी बसली आणि माझे मोजे झटकायला लागली. मरून मोज्यांवर रेषेच्या फक्कीचा पांढरा पट्टा उमटला होता, दोन्ही पायांवर आडवा. आई लहानपणी शाळेत जाताना झटकायची तसं तिने झटकलं. एवढ्या गडबडीत तिला माझ्या कपड्यांची काळजी, याचं मला तेव्हा भरून आलं होतं. हे रविवारी लिहायचं राहिलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

कपिलाने हरकत घेतली आहे. त्यांच्या राखीव मुली आमच्या गोलच्या मागे बसल्या होत्या, त्यांनी त्यांच्या कोचना, ललितसरांना, सांगितलं. लीगच्या समितीने रेफ्रींना विचारलं. ते काय म्हणाले ते आमच्या कोचनी, मल्हारीसरांनी, आज सरावाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं.

“ते म्हनले, ज्या बाईनं बॉल मारला तिनंच हात वर केला नाय. गोल झाला असता तर ती गप चालती झाली असती का? आन् कीपर बॉल घेऊन उभी. मी गोल देऊ कसा?”

मुली हसल्या. मला हसता आलं नाही, कारण वेदिकाताईने हात वर का केला नाही ते नाशिकमध्ये सगळ्यांना माहीत आहे. फक्त धुळ्याच्या माणसाला माहीत नव्हतं. वेदिकाताई जन्माने कॅम्पची. लग्न करून पंचवटीत आली आणि कपिलाकडून खेळायला लागली. पण कॅम्पविरुद्ध गोल केला की ती हात वर करत नाही, उड्या मारत नाही, मैत्रिणींना मिठी मारू देत नाही. मान खाली घालून परत जाते. चार वर्षं असंच चाललंय.

आणि मी उलटी. मी पंचवटीची. सातव्या वर्षापासून मैदानाच्या कठड्यावर बसून पिवळ्या जर्सीसाठी घसा बसवला. कपिलाच्या प्रत्येक सामन्याची नोंद ठेवली, गोल कुणी कितव्या मिनिटाला केला तेसुद्धा. एकोणिसाव्या वर्षी निवड चाचणीला गेले. ललितसरांनी मला खांबाजवळ उभं केलं, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, “उंची कमी पडते गं.” पुढच्या महिन्यात मी पंचवटीतून बस पकडून देवळालीला गेले. कॅम्पला गोलकीपर नव्हती.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मल्हारीसरांनी टाइप केलेला कागद आणला. सगळ्या अकराजणींसाठी एकच मजकूर. ‘सदर सामन्यात चेंडू गोलरेषेच्या पूर्ण आत गेल्याचे मला दिसले नाही.’ खाली सही. उद्या सुनावणी.

दहाजणींनी मांडीवर कागद ठेवून सह्या केल्या. त्यातल्या आठजणी खरंच लांब होत्या, त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

“सर, घरी वाचून उद्या देते.”

“एक ओळ हाय आभा. एक ओळ वाचाया घरी न्येती व्हय? लय शिकली तू.”

“गुरुजी मुहूर्त बघणार असतील,” रुखसार म्हणाली. संघात मला गुरुजी म्हणतात. सगळ्या हसल्या. ती हसली नाही, बुटाची नाडी बांधत राहिली. तिने मात्र सही पटकन केली, सगळ्यांत आधी.

घरी आल्यापासून ती ओळ वाचते आहे. मी चेंडूकडे पाहत होते की रेषेकडे? दोन्हीकडे एकाच वेळी पाहता येत नाही. आधी चेंडू छातीशी होता, मग मी पायांकडे पाहिलं. म्हणजे ‘चेंडू आत गेल्याचे’ दिसलं नाही, चेंडू आत ‘असल्याचे’ दिसलं. एवढा फरक धरून सही करता येईल का, असा विचार मी साडेचार ते सहा करत बसले. स्वतःचा इतका कंटाळा मला कधी आला नव्हता.

मोजे बॅगेतच होते. उजेडात धरले. झटकूनही पट्टा पुरता गेलेला नाही. विणीत फक्की बसली आहे. धुवायला टाकले नाहीत.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सुनावणी पुढे ढकलली. उद्या महाशिवरात्र. समितीचे सचिव त्र्यंबकच्या बंदोबस्ताच्या बैठकीला गेले. पुढची तारीख २१.

देवळालीपर्यंत बसने जाऊन हे कळलं. फोन करायचं कुणाला सुचलं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

वेदिकाताई पंचवटीत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. मला दोन दिवस चक्कर येते आहे असं आईला सांगून (हे अर्धं खरं आहे) हिमोग्लोबिन तपासायला गेले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर उघडलं. “नाव?”

“ताई.”

“नाव सांग. लिहायला लागतं.”

“आभा ढुंढिराज गायधनी.”

“वय?”

“बावीस. हिमोग्लोबिनला उपाशी यायला लागतं का?”

“नाही लागत. पण आलेली दिसतेस.” दंडाला रबर बांधलं. “मूठ घट्ट. चेंडू धरतेस ना, तशी.”

मी मूठ वळली. सुई आत गेल्यावर मी विचारलं, कारण तेव्हा ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. “ताई, तुम्ही जबाबात काय लिहिलं?”

“दिसलं नाही असं.”

“खरंच नाही दिसलं?”

“मी पाहतच नाही. कॅम्पविरुद्ध मारला की लगेच वळते. पाहिलं आणि आत गेलेला असला की हात आपोआप वर जातो, मला धरवत नाही. मग पाहायचंच नाही.” तिने रबर सोडलं. “पप्पांच्या खांद्यावर बसून मरून झेंडा हलवला आहे मी, सहा वर्षांची असताना. त्याच गोलसमोर हात वर करून नाचू का? आता कपिलाच्या मुली म्हणतात, ही कॅम्पचीच, मुद्दाम पाठ फिरवली. ललितसर आठ दिवस बोललेले नाहीत. कापूस दाबून धर.”

मी कापूस दाबला.

“एक हात वर केला असता ना आभा, रेफ्रीने शिट्टी मारली असती.”

मी म्हणाले, “ताई, मला—”

“नको,” ती म्हणाली. “मला जिंकायचंय. तू मला सांगितलंस की मी आज संध्याकाळी सरांकडे जाऊन सांगणार. ते तुझं राहणार नाही मग. जा, रिपोर्ट पाचनंतर.”

हिमोग्लोबिन १०.८. आईने बिटाची कोशिंबीर केली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

रुखसारचा आज पहिला रोजा. तरी सरावाला आली. पळाली नाही, गोलच्या मागे उभी राहून ओरडत होती.

तिचं आणि माझं या स्पर्धेत सारखं काही नाही. राज्य स्पर्धेत पहिल्या तिनांत आलो तर तिला पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून उभं राहता येईल. वय निघून जायला दीड वर्ष राहिलं आहे. तिचे अब्बा रहेमानचाचा भगूरला सायकली दुरुस्त करतात. मागच्या खेपेला ती खुल्या जागांमधून उतरली आणि गोळाफेकीत अडकली. मला राज्य स्पर्धेतून काय मिळेल? एक फोटो.

बॅग उघडली तेव्हा मोजे वरच होते.

“अजून धुतले नाहीस?”

“विसरले.”

“तू विसरलीस?” तिने मोज्याला बोट लावलं, पट्ट्याच्या जागी. नेहमी ती मला बसपर्यंत सोडायला येते, आज आली नाही. रोज्यामुळे थकली असेल.

शनिवार, २१ फेब्रुवारी

पुन्हा पुढे. कार्यालयाची खोली कुंभमेळ्याच्या कामासाठी घेतली आहे, खुर्च्या-टेबलं बाहेर काढून ठेवली होती. सचिव फोनवर म्हणाले, “तुम्हा मुलींना एवढी काय घाई? बॉल काय तिथेच आहे का अजून?” त्यांनी फोन ठेवल्यावरही मल्हारीसर आपला कानाला लावून उभे होते.

मला वाटलं होतं, सुनावणी लांबली की बरं वाटेल. बरं वाटत नाही. प्रत्येक वेळी मी तयारी करून जाते, एकदा सांगायची, एकदा न सांगायची, आणि दोन्ही तयाऱ्या घेऊन परत येते. बारा नंबरची बस द्वारका चौकात पाऊण तास उभी होती. रस्ता खणलेला. शेजारच्या बाईंनी विचारलं, “बरं नाही का?” मी म्हणाले, “मॅच होती.” “हरलात का?” त्यांनी विचारलं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दहा तारखेच्या दुरुस्तीची दुरुस्ती. तिथे मी फक्त पहिलं वाक्य खोटं ठरवलं आणि ‘सगळं फार पटकन झालं’ हे तसंच सोडून दिलं. तेही खरं नाही. पटकन झालं नाही. मी रेषा पाहिली, उठले, रेफ्रींनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मान हलवून हो म्हणायला वेळ होता. मी मोजून पाहिलं, खोलीत पडून, उठून, दोन पावलं चालून. सहा सेकंद.

त्या सहा सेकंदांत एक गोष्ट झाली ती मी आजवर कुठे लिहिली नाही. कपिलाच्या बाजूने, मध्यरेषेजवळून आवाज आला, “काय अडवलंस आभा!” ललितसरांचा आवाज. त्यांना लांबून मी अडवला असंच दिसलं होतं. स्वतःच्या संघाचा गोल हुकला असताना ते टाळ्या वाजवत होते. पुढे त्यांच्या मुलींनी सांगितल्यावर त्यांनी हरकत घेतली, ते वेगळं.

सातव्या वर्षापासून त्या माणसाने माझं नाव घ्यावं असं मला वाटत होतं. चाचणीच्या दिवशीसुद्धा ‘अगं मुली’ म्हणाले होते.

मी चेंडू लांब मारला तो याच्यानंतर.

कालपर्यंत मला भीती होती की मी खरं सांगितलं तर ते कपिलाच्या प्रेमापोटी असेल. आता दिसतं की मी लपवलंही त्याच प्रेमापोटी. मग माझ्या बोलण्यातलं खरं किती आणि कपिला किती, हे वेगळं कसं करायचं? दुसरा कुठलाही संघ असता तर मी निमूट जाऊन सांगून आले असते. किंवा निमूट गप्प बसले असते. तेही माहीत नाही.

रविवार, १ मार्च

सकाळी बाबांच्या वह्या संगणकावर उतरवत होते. ते शेजारी बसून जुनं अक्षर वाचून सांगतात. घोटीकडचं एक घराणं चाललं होतं, बरंच गुंतागुंतीचं. मी शक्य तितक्या सहज विचारलं, “बाबा, वहीत चुकीचं पडलंय हे एकालाच माहीत आहे, आणि त्या माणसाचा त्यातल्या एका बाजूकडे ओढा आहे. मग त्याने दुरुस्ती करायची की नाही?”

“करायची की.”

“पण लोक म्हणतील, आपल्या माणसांसाठी केली.”

बाबांनी चष्मा वर ढकलला, खालून तिसरी वही ओढली, पानं उलटली. “हे वाच. तुझ्या पणजोबांचं.”

एका घराण्यात धाकट्या मुलाचं नाव राहिलेलं होतं, ते खाली घातलं होतं. तारीख, सही आणि पुढे बारीक अक्षरात : ‘लिहिणार हा सदर कुळाचा साडू आहे.’

“हे कशाला लिहिलं?” मी विचारलं.

“नातं होतं म्हणून. वाचणाऱ्याला कळायला नको, कुणी लिहिलंय?”

“मग वाचणाऱ्याने विश्वास ठेवला नाही तर?”

“नाही ठेवला तर नाही ठेवला. त्यांनी लपवलं नव्हतं ना.” ते पुन्हा घोटीच्या पानाकडे वळले. थोड्या वेळाने म्हणाले, “तुमच्या त्या मॅचचं काय झालं? अजून लोंबकळतंय?”

“सात तारखेला आहे.”

“हं.”

जेवायला उठताना त्यांनी वहीचे दोन कोरे कागद माझ्या टेबलावर ठेवले, जाड, जुने, कडेला लाल रेघ असलेले. कशाला ते कळलं नाही. आता सगळं संगणकावरच जातं.

सोमवार, २ मार्च

आईने मोजे धुतले.

माझी बॅग उपसून काढली, सगळं एकत्र मशीनमध्ये टाकलं. “तीन आठवडे घाण घेऊन फिरतेस, वास येत होता खोलीला,” म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. कधी ओरडत नाही. ती चिमट्यांची टोपली हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अगं मोजेच आहेत ना?”

दोरीवर होते. स्वच्छ, नवे असल्यासारखे मरून.

मला इतका राग का आला ते दुपारी कळलं. माझ्या मनात कुठेतरी होतं की एके दिवशी मी काही न बोलता ते मोजे समितीच्या टेबलावर ठेवीन. मोज्यांनीच सांगावं. मी फक्त आणून दिले असं व्हावं. आता ती सोय नाही.

आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, बीट संपलंय, आणायला हवं.

बुधवार, ४ मार्च

मैदानावर रुखसार एकटीच होती. गोळा टाकत होती. पडला तिथे काडी रोवायची, पुन्हा मागे यायचं. गेला आठवडाभर ती हेच करते आहे. तोंड कोरडं पडलेलं, इफ्तारला अजून तास होता.

“पाच मीटर वीस,” मला पाहून म्हणाली. “सहा पाहिजे.”

मी काडी धरून उभी राहिले. चार-पाच वेळा टाकून झाल्यावर तिने हात पुसले.

“शनिवारी काय लिहिणार तू?”

मी उत्तर द्यायच्या आत तिने हात वर केला. “सांगू नको. मला एवढंच बोल, मी गोळ्यावर जोर देऊ की बॉलवर?”

मी काडीकडे पाहत राहिले.

“झालं. समजलं. गोळा.” ती खाली बसली. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं यार. तू कागद घरी नेलास ना, तेव्हाच अम्मीला सांगितलं मी, कोटा-बिटा विसर आता.”

“रुखसार, मी अजून ठरवलं नाही.”

“तू ठरवतेस कधी? तुझं ठरलेलं असतं, मग तू महिनाभर त्याला कारण शोधतेस.” तिने गवत उपटलं, टाकलं. “एक सांग गुरुजी. समोर भगूरची टीम असती, कपिला नसती, तरी सांगितलं असतंस?”

“माहीत नाही.”

“हेच. हेच डोक्यात जातं माझ्या. निदान हो तरी म्हण. खोटं का होईना. म्हणजे मला वाटेल, चला, एका खऱ्या बाईमुळे बुडाले. तुला तेही जमत नाही.”

मी काडी पुन्हा रोवली.

“तुझ्या घराजवळ गंगा आहे, रामकुंड आहे. तू डुबकी मारून मोकळी होशील. मला अजून ऐंशी सेंटिमीटर पाहिजेत.” ती उठली, गोळा पिशवीत घातला. जाताना थांबली. “त्या दिवशी मी मोजे झटकले ना तुझे.”

“हो. मी लिहून ठेवलंय.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ती हसेल किंवा मारेल. “लिहून ठेवलंस,” ती म्हणाली. “वा.” आणि गेली. गेटपाशी पोचल्यावर परत आली, पिशवीतून एक खजूर काढून माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा गेली. मागे वळून पाहिलं नाही.

गुरुवार, ५ मार्च

समितीचा संदेश आला. शनिवारी सुनावणी नक्की आहे. ज्यांचे जबाब सकाळी अकरापर्यंत आले नाहीत, त्यांना काही सांगायचं नाही असं धरलं जाईल आणि निकाल आहे तसा कायम होईल. दुपारी संघांची यादी राज्याकडे जाईल. रविवारी रंगपंचमी, मग कुणी भेटणार नाही.

म्हणजे मी काहीच केलं नाही तरी चालेल. सही न करता, खोटं न बोलता, घरात बसून. मी महिनाभर ज्याला घाबरले तेवढंही करावं लागणार नाही. सकाळी हे वाचलं तेव्हा मला हलकं वाटलं, हे लिहून ठेवते.

दुपारी मल्हारीसरांना फोन केला. आधी त्यांना सांगायला हवं होतं, सगळ्यांच्या आधी, ते माझं चुकलं. मी म्हणाले, “सर, तुमच्या कागदावर सही करणार नाही. माझा जबाब वेगळा आहे.”

ट्रॅक्टरचा आवाज येत होता, ते शेतावर असावेत.

“कपिलानं काय कबूल केलं का तुला? टीममधी घेतो म्हनले?”

“नाही सर.”

“मंग?”

“बॉल आत होता.”

“ते मला बी वाटलं होतं,” ते म्हणाले. “पर वाटलं, दिसलं नव्हतं. आन् दोन वर्स पोरी उन्हातान्हात पळाल्या हायेत, आभा. त्यांना तू सांग. मी नाय सांगनार.” फोन ठेवला.

पुढच्या मोसमात मला कॅम्प ठेवणार नाही. कपिला घेणार नाही, आणि त्यांनी बोलावलं तरी आता जाता येणार नाही. ते बरोबर दिसणार नाही. माझी उंचीही तीच आहे.

बाबांनी ठेवलेल्या कागदांवर जबाब लिहिला. आधीच्या नऊ खरड्यांपेक्षा लहान झाला. चेंडू कुठे होता, रेषा माझ्या कुठल्या भागाखाली होती, रेफ्रींनी पाहिलं तेव्हा मी गप्प राहिले. ललितसरांच्या टाळ्यांचं लिहिलं नाही, ते कुणी विचारलेलं नाही. वेदिकाताईंचं एक वाक्य घातलं : त्या पाठ फिरवून होत्या, त्यांना दिसणं शक्य नव्हतं. सही केली आणि खाली लिहिलं : ‘लिहिणारी वयाच्या सातव्या वर्षापासून कपिला क्लबची समर्थक होती.’ ‘होती’ लिहिताना थांबले. मग ‘आहे’ असं केलं. तो एकच शब्द खोडलेला आहे, शेजारी तारीख घातली.

अजून एक. दहा तारखेच्या नोंदीत आहे की रुखसारने माझ्या काळजीने मोजे झटकले. काल ती गेल्यापासून त्या वाक्यावर बोट ठेवून बसले आहे. ते दुरुस्त करत नाही. तिचे हात मला दिसले, त्यामागचं दिसलं नाही. जबाबात मोजे नाहीत.

उद्या संध्याकाळी साडेपाचला सरावाआधी दहाजणींसमोर उभी राहून सांगेन. रुखसारला गोळा टाकताना काडी धरायला कुणीतरी लागेल, ती नको म्हणाली नाही तर मी धरेन. परवा पहिल्या बसने निघते. कार्यालय साडेदहाला उघडतं. जबाब मी स्वतः, हातात देणार आहे, शनिवार, ७ मार्च २०२६.